नाव कुणाचं, पाप कुणाचं

जबलपूरहून कटनीकडे निघालं, की सिहोरा मागे टाकल्यावर स्लीमनाबाद लागतं. शेवटचं ‘आबाद’ फारसी आणि आधीचं ‘स्लीमन’ थेट इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकावरचं. गाव लहान आहे. अलीकडे त्याचं नाव वर्तमानपत्रांत येतं ते बरगी धरणाचं पाणी पलीकडे नेणाऱ्या सुमारे 12 किलोमीटर लांबीच्या रखडलेल्या बोगद्यामुळे. ज्याच्या नावावरून गाव वसलं, तो विल्यम हेन्री स्लीमन बातम्यांत कधी नसतो. ठगांचा बीमोड करणारा अधिकारी म्हणून शाळेत त्याची ओळख दोन ओळींत होते आणि तिथेच संपते.

त्याचं आडनाव इंग्लंडातही फारसं आढळत नाही. जे काही स्लीमन सापडतात ते मुख्यतः कॉर्नवॉल आणि डेव्हन या शेजारच्या परगण्यांतले. त्यातही हे आडनाव कॉर्नवॉलच्या मातीतलं वाटत नाही. तिथल्या जुन्या केल्टिक भाषेतली अस्सल आडनावं ट्रे, पोल, पेन अशा अक्षरांनी सुरू होतात. ट्रे म्हणजे वाडी, पोल म्हणजे डोह, पेन म्हणजे टोक. आपल्याकडे गावापुढे ‘कर’ लावतात त्याच जातीचा हा प्रकार. स्लीमन मात्र सरळ इंग्रजी टोपणनाव आहे. मध्ययुगात कुणा एका माणसाला गावाने ‘स्ली’ म्हटलं आणि ते चिकटलं. ‘स्ली’ हा शब्द उत्तरेकडच्या नॉर्स लोकांकडून आलेला. तेव्हा त्याचा अर्थ कसबी, अक्कलवान असा होता. पुढे शब्दाची चाल बिघडली आणि त्याला लबाड, आतल्या गाठीचा असा वास आला. पण तोपर्यंत आडनाव वंशपरंपरागत होऊन बसलं होतं. 1538मध्ये थॉमस क्रॉमवेलच्या हुकमाने प्रत्येक चर्चमध्ये बाप्तिस्मा, लग्न आणि दफन यांची वही ठेवणं सक्तीचं झालं. त्यानंतर पाद्री बापाचं आडनाव पोराला लावून मोकळा होऊ लागला. पोरगं हुशार निघालं की मठ्ठ, हे त्या वहीत विचारलेलंच नव्हतं.

तिकडच्या लोकांना यात काही विशेष वाटत नाही, आणि आपल्यालाही वाटू नये. दुर्गा खोटे यांचं नाव पडद्यावर आलं तेव्हा खोटेपणा कुणाच्या मनात आला नाही. कथाकार वामन चोरघडे यांच्या आडनावात चोर शोधणारा वाचक अजून जन्मायचा आहे. लांडगे शाकाहारी असू शकतात आणि वाघमाऱ्यांनी वाघ पाहिलाच नसेल, हे आपण न सांगता धरून चालतो.

आडनाव माणसाच्या कर्तबगारीला चिकटून असतं, असा काळही होता. आणि या भागातलं त्याचं सर्वांत ठसठशीत उदाहरण मराठीच आहे. रत्नागिरीकडच्या नेवऱ्याचे गोविंद बल्लाळ खेर पेशव्यांतर्फे बुंदेलखंडाचा कारभार पाहू लागले आणि खेरांचे बुंदेले झाले. 1760च्या अखेरीस, पानिपतच्या तोंडावर ते मारले गेले, ते गोविंदपंत बुंदेले म्हणूनच. त्यांच्यामागे सागरच्या मराठ्यांनी 1781मध्ये जबलपूरचा मुलूख घेतला. पुढे तो नागपूरकर भोसल्यांकडे गेला आणि 1817च्या अखेरीस इंग्रजांच्या हाती पडला. म्हणजे स्लीमन इथे आला तेव्हा माणसाच्या कामावरून त्याचं नाव पडण्याची रीत लोकांच्या चांगली ओळखीची होती.

नावाला अर्थ असतो का, हा प्रश्न आपल्याकडे व्याकरणाच्या आखाड्यात फार पूर्वी उतरला. पतंजलींनी महाभाष्यात शब्दांचे चार वर्ग सांगितले: जातीवरून, गुणावरून, क्रियेवरून आणि चौथा यदृच्छेने ठेवलेला. या चौथ्या वर्गाचं परंपरेने दिलं जाणारं उदाहरण म्हणजे ‘डित्थ’. डित्थ म्हणजे काय? काहीच नाही. कुणीतरी कुणालातरी डित्थ म्हटलं, एवढंच. 1843मध्ये जॉन स्टुअर्ट मिल आपल्या तर्कशास्त्राच्या ग्रंथात याच मुक्कामाला पोहोचला. डार्टमथ हे गाव डार्ट नदीच्या मुखाशी आहे म्हणून त्याचं नाव तसं पडलं. पण उद्या नदीने पात्र बदललं तरी गाव डार्टमथच राहणार. विशेषनाम वस्तूकडे बोट दाखवतं, तिच्याविषयी काही सांगत नाही. मिलने उदाहरणाला घेतलेलं हे गाव स्लीमन मंडळींच्या डेव्हनमधलंच. आणि हा मिल पोटापाण्यासाठी लंडनमध्ये ईस्ट इंडिया कंपनीच्याच कचेरीत हिंदी संस्थानांच्या पत्रव्यवहाराचे मसुदे लिहीत होता. म्हणजे कंपनीचा एक नोकर लंडनमध्ये नाव अर्थशून्य असल्याचं सिद्ध करत होता. त्याच सुमारास तिचा दुसरा नोकर मध्य हिंदुस्थानात काय करत होता, ते पाहिलं की गोष्ट तर्कशास्त्रापुरती राहत नाही.

विल्यम स्लीमनचा जन्म 1788चा, कॉर्नवॉलमधल्या स्ट्रॅटनचा. बाप फिलिप स्लीमन शेतीवाला आणि अबकारी खात्यातला अधिकारी. विल्यम 1809मध्ये बंगाल लष्करात भरती होऊन आला, नेपाळच्या लढाईत गेला आणि 1820मध्ये सागर-नर्मदा मुलखाच्या मुलकी कामावर रुजू झाला. नरसिंहपूर झालं, मग जबलपूर. 1828मध्ये जबलपूरजवळच्या बडा शिमला टेकडीवर त्याला मोठाली दगडी हाडं सापडली. ती डायनोसॉरची होती, हे कळायला आणि त्यांना शास्त्रीय नाव मिळायला पुढे जवळजवळ पन्नास वर्षं गेली. 1829मध्ये जबलपुरातच त्याचं अमेली या फ्रेंच मुलीशी लग्न झालं. तिच्या मदतीने मॉरिशसहून ऊस आणवून त्याने तो इथे लावला. लांडग्यांनी वाढवलेल्या मुलांच्या हकिगतीही त्याने जमवल्या. त्याला चौफेर कुतूहल होतं, आणि त्याची टिपणं आजही कंटाळवाणी वाटत नाहीत. या माणसाला निव्वळ खलनायक करून भागणार नाही. प्रवाशांचे गळे आवळले जात होते आणि त्यांचा माग काढायला तो उन्हातान्हात फिरला, हे खरंच आहे.

त्याच्या हाती लागलेला सर्वांत नामांकित ठग म्हणजे फिरंगिया. हा जातीने ब्राह्मण. मग नाव असं कसं? त्याची हकिगत स्लीमननेच नोंदवून ठेवली आहे. पेरॉन या फ्रेंच सेनानीच्या फौजेने गावावर हल्ला केला, त्या पळापळीत आईला कळा लागल्या आणि पोर जन्मलं. म्हणून पोराचं नाव फिरंगिया. पुढे त्याची आई, बायको आणि मूल धरून नेल्यावर तो त्यांच्या आसपास घोटाळत राहिला आणि 1830च्या अखेरीस पकडला गेला. जिवाच्या बदल्यात तो माफीचा साक्षीदार झाला. सागरकडच्या एका मुक्कामात साहेबाचा तंबू ज्या आमराईत ठोकला होता, तिथलीच जमीन त्याने खणायला लावली. आतून प्रेतं निघाली. साहेब आणि मडम रात्रभर त्यांच्यावरच झोपले होते.

तर समोरासमोर बसलेल्या दोघांपैकी एकाचं नाव फिरंगिया, पण तो फिरंगी नव्हे. दुसरा खराखुरा फिरंगी, त्याच्या आडनावात ‘लबाड’ दडलेलं, पण तो लबाड म्हणून ओळखला जात नव्हता. डित्थच म्हणायचे दोघेही. मिलला याहून चांगलं उदाहरण शोधून सापडलं नसतं.

पण कचेरीत तिसरंही एक नाव होतं, आणि ते मात्र यदृच्छेचं नव्हतं.

1836 सालच्या तिसाव्या कायद्याने ठरवलं, की जो कुणी ठगांच्या टोळीत होता असं शाबीत होईल, मग कायद्याआधी असो वा नंतर, कंपनीच्या हद्दीत असो वा बाहेर, त्याला जन्मभर सक्तमजुरी. वाक्य पुन्हा वाचावं असं आहे. अमक्याने अमक्याचा खून केला, हे सिद्ध करण्याची गरज उरली नाही. तो ‘त्यांच्यातला’ होता, एवढं पुरे. कायदा क्रियेवरून सरकून नावावर आला. आणि नाव विसरलं जाऊ नये याची तजवीज फार आधीपासून होती. शिक्षा झालेल्याच्या कपाळावर ठग ही अक्षरं गोंदली जात. गोंदणाची ही शिक्षा कंपनी सरकारने 1849मध्ये बंद केली. तोवर ज्यांची कपाळं गोंदली गेली त्यांचं काय, ते कायद्याने सांगितलं नाही.

स्लीमनने 1836मध्ये ‘रामासीआना’ हा ठगांच्या सांकेतिक बोलीचा ग्रंथ छापला. त्यात शब्दांबरोबर ठग कुटुंबांच्या वंशावळीही जोडल्या आहेत. अमक्याचा मुलगा तमका, त्याचा पुतण्या अमुक. फाशी गेला, कैदेत आहे, फरार आहे. त्र्यंबकेश्वरच्या उपाध्यायांच्या वह्यांतही अशाच फांद्या फुटतात, पण तिथे त्या पिंडदानासाठी असतात. इथे त्या पुढच्या अटकेसाठी होत्या. ठगी हा पिढीजात धर्म आहे, भवानीच्या आज्ञेने चालणारा आहे, असं स्लीमनचं ठाम मत होतं. 1830मध्ये विंध्याचलच्या देवळाबद्दल त्याने कलकत्त्याच्या वर्तमानपत्रात निनावी पत्र लिहिलं, तेव्हापासूनच. निनावी, हेही लक्षात घ्यावं. दुसऱ्यांची नावं सात पिढ्यांपर्यंत खणणाऱ्याने स्वतःचं नाव तेवढं गाळलं होतं.

गंमत अशी, की खुद्द ठगांचं म्हणणं वेगळं होतं. फिरंगियाने साहेबाला सांगितलं, ते रक्ताबद्दल नव्हतंच. ठगांच्यात ‘तुपौनी’ म्हणून विधी असे, त्यात देवीचा गूळ वाटत. तो गूळ एकदा जिभेला लागला की माणूस ठग होतो. मग त्याला दुसरा कुठलाही धंदा येत असो, घरी कितीही पैसा असो. त्या टोळ्यांत ब्राह्मण होते, मुसलमान होते, नाना जातींचे होते. मारलेल्या प्रवाशांची लहान पोरं उचलून, पदरी घेऊन वाढवलेलेही होते. ही उघडउघड संस्काराची उपपत्ती झाली: जन्म कुठेही घ्या, ठगपण नंतर येतं. या बाबतीत साहेबापेक्षा खुनी माणूस जास्त विचारी ठरतो, असं म्हणायला हरकत नाही. अर्थात साहेबाला खूश ठेवणं हा त्याचा जीव वाचवण्याचा एकमेव धंदा होता, हे विसरून त्याच्या प्रत्येक शब्दावर विश्वास ठेवणं भाबडेपणाचं होईल. किम वॅगनर, राधिका सिंघा यांच्यासारख्या अभ्यासकांनी हा इशारा पुन्हा पुन्हा दिला आहे.

बापाचं पाप पोराच्या माथी येतं का? स्लीमन ज्या चर्चमध्ये वाढला, त्याच्या बायबलात याची दोन उत्तरं आहेत आणि ती एकमेकांशी भांडतात. निर्गमच्या विसाव्या अध्यायात देव बापांच्या अपराधाचा जाब तिसऱ्या-चौथ्या पिढीपर्यंत मागतो. यहेज्केलच्या अठराव्या अध्यायात तोच देव म्हणतो, की पाप करील तो मरेल, मुलगा बापाचा अपराध वाहणार नाही. जबलपुरात पहिल्या उत्तराचा अंमल झाला. 1830च्या दशकाच्या अखेरीस तिथे उद्योगशाळा निघाली. माफीचे साक्षीदार आणि त्यांची मुलं तिथे तंबू शिवत आणि सतरंज्या, गालिचे विणत. त्या मालाला चांगलं नाव झालं. पण विणणाऱ्या मुलांनी गुन्हा केलेला नव्हता. त्यांचे बाप वंशावळीत होते, म्हणून ती भिंतीआड होती. जबलपुरातल्या गुरंदी बाजाराचं नाव आजही या साक्षीदारांच्या वस्तीशी जोडलं जातं.

आपल्याकडे हा प्रश्न बृहदारण्यक उपनिषदात येतो, आणि ज्या क्रमाने येतो तो क्रम विलक्षण आहे. जनकाच्या सभेत आर्तभाग याज्ञवल्क्यांना विचारतो: माणूस मेला की त्याला काय सोडून जात नाही? याज्ञवल्क्य म्हणतात, नाव. ते अनंत आहे. आर्तभागाचं समाधान होत नाही. वाणी अग्नीत गेली, प्राण वाऱ्यात, डोळा सूर्यात, शरीर मातीत; मग हा माणूस स्वतः कुठे गेला? तेव्हा याज्ञवल्क्य त्याचा हात धरतात आणि म्हणतात, हे चारचौघांत बोलायचं नाही. दोघं बाजूला जातात आणि जे बोलतात ते कर्माविषयी असतं. चांगल्या कर्माने माणूस चांगला होतो, वाईटाने वाईट.

भाष्यकारांनी यावर पुष्कळ लिहिलं आहे. साध्या वाचकाला मात्र एक गोष्ट लगेच जाणवते. भर सभेत उच्चारता आलं ते नाव; एकांतात न्यावं लागलं ते कर्म. नाव मागे राहतं, पोराबाळांना मिळतं, गावाला मिळतं, रेल्वे स्टेशनच्या पाटीवर चढतं. कर्म ज्याचं त्याच्याबरोबर जातं. या दोन वाटा वेगळ्या आहेत आणि वेगळ्याच ठेवल्या पाहिजेत, असा या संवादाचा रोख आहे. कर्मसिद्धांतावर एरवी घ्यायचे तेवढे आक्षेप घ्यावेत. ‘मागच्या जन्मीचं भोगतोय’ म्हणून याच सिद्धांताने पुष्कळांना पायरीखाली उभं केलं, हे खरंच आहे. पण तोसुद्धा बापाचं कर्म मुलाच्या खात्यावर चढवत नाही.

पायरीखाली उभं राहण्याचा विषय निघालाच आहे, तर चोखोबांना टाळून पुढे जाता येत नाही. चोखा म्हणजे शुद्ध. बहीण निर्मळा, तिच्या नावाचाही अर्थ तोच. आणि मुलाचं नाव तर कर्ममेळा. वारकऱ्यांच्या भक्तीचं सगळं घरच नावावर उभं आहे, तिथे नामापेक्षा मोठं काही नाही. तरीही या चोख्याला पंढरपुरात देवळाच्या आत पाऊल टाकता आलं नाही; समाधी मिळाली तीही महाद्वारासमोर, नामदेव पायरीपाशी. आईबापांनी ठेवलेलं नाव अर्थासकट धुळीला मिळालं, कारण समाजाने ठेवलेलं दुसरं नाव आधी वाचलं जात होतं. कर्ममेळ्याने आपल्या अभंगांतून विठ्ठलालाच जाब विचारला आहे. त्याची तक्रार वैयक्तिक वाटते, पण ती तत्त्वज्ञानाची आहे.

जबलपूरची पद्धत जबलपुरात थांबली नाही. 1871मध्ये गुन्हेगार जमातींचा कायदा आला तेव्हा युक्तिवाद हाच होता: हिंदुस्थानात विणकराचा पोर विणकर होतो आणि सुताराचा सुतार, तर गुन्हेगाराचा गुन्हेगार का नाही होणार? पारधी, भामटे, कैकाडी, कंजारभाट अशा कितीतरी जमातींना पोलीस पाटलाकडे हजेरी लागली. सोलापूरच्या सेटलमेंटला तारेचं कुंपण पडलं. त्या कुंपणाआड जन्मलेलं मूल पहिला श्वास घेण्याआधीच यादीत होतं. हे सगळं कॉर्नवॉलच्या त्या माणसाच्या डोक्यातून निघालं, असं म्हणणं अतिशयोक्तीचं ठरेल. आपल्या जातिव्यवस्थेने तयार साचा हातात ठेवला होता, साहेबाने त्यात शिसं ओतलं. उचल्या जमातीतल्या लक्ष्मण गायकवाड यांचं ‘उचल्या’ हे आत्मकथन 1987मध्ये आलं, 1988चा साहित्य अकादमी पुरस्कार त्याला मिळाला. आडनाव पाहावं तर बडोद्याच्या राजघराण्याचं. पोलिसांच्या चोपडीत मात्र त्या आडनावाला काडीची किंमत नव्हती. तिथे फक्त जमात वाचत.

इकडे स्लीमन या आडनावाचं काय झालं? त्याला सर हा किताब मंजूर झाला आणि चारच दिवसांनी, 10 फेब्रुवारी 1856 रोजी, मायदेशी परतताना सिलोनजवळ समुद्रात तो वारला. घराण्यात आणि स्लीमनाबादेत एक कथा सांगतात: मूल होत नव्हतं, तेव्हा साहेब-मडमेने इथल्या देवळात नवस केला, मुलगा झाला आणि साहेबाने देवळाला दिव्याची सोय करून दिली. ज्याने भवानीच्या भक्तीला गुन्ह्याचं मूळ ठरवलं, त्याच्या नावाने देवळात दिवा लागावा, यात लोकांना काही विसंगत वाटलं नाही. लोकांनी त्याचं नाव एका बाजूला ठेवलं आणि त्याची मतं दुसऱ्या बाजूला. दूर कॅनडात कॉर्नवॉलहून गेलेल्या दुसऱ्या एका स्लीमनने 1851मध्ये ग्वेल्फ गावी बिअरचा कारखाना काढला. 1930च्या दशकात अमेरिकेत चोरून बिअर पाठवल्याबद्दल त्या घराण्याचा परवाना गेला. अबकारी अधिकाऱ्याच्या पोराचं आडनाव आणि दारूच्या चोरट्या व्यापाऱ्यांचं आडनाव एकच. कंपनी आज ती चोरटी दारू जाहिरातीत अभिमानाने सांगते. ‘स्लीमन हे जन्मजात तस्कर असतात’ असा कायदा तिकडे कुणी केला नाही. करायला सुचलंही नाही.

गुन्हेगार जमातींचा कायदा 1952मध्ये रद्द झाला. पण ‘सराईत गुन्हेगार’ या नावाने त्याच्या सावल्या राज्याराज्यांच्या कायद्यांत आणि तुरुंगांच्या नियमपुस्तकांत राहून गेल्या. पत्रकार सुकन्या शांता यांनी तुरुंगातल्या जातवार कामवाटपाविरुद्ध याचिका केली. 3 ऑक्टोबर 2024 रोजी धनंजय चंद्रचूड सरन्यायाधीश असताना सर्वोच्च न्यायालयाने हे नियम घटनाबाह्य ठरवले आणि तुरुंगांच्या नोंदवह्यांतला जातीचा रकाना काढून टाकायला सांगितलं. रकाना जाईल. शेजारच्या रकान्यात मात्र कैद्याचं पूर्ण नाव, आडनावासकट, लिहिलं जाणारच, आणि आडनावावरून जात ताडणारे कारकून आपल्याकडे प्रत्येक कचेरीत आहेत.